जुना कागद आणि न्यायसभा : महाराष्ट्रातील लेखी पुराव्याच्या शुद्धीची परंपरा

१

इ. स. ६३१ मध्ये कनौजाधिपती हर्षवर्धनाने दिलेला एक ताम्रपट उत्तर प्रदेशातील मधुबन येथे सापडला आहे. सोमकुंडका नावाचे गाव वामरथ्य नामक ब्राह्मण कूटशासनाच्या, म्हणजे बनावट दानपत्राच्या, आधारावर उपभोगीत होता. ते शासन मोडून टाकून गाव त्याच्याकडून काढून घेतले व दुसऱ्या दोन ब्राह्मणांस दिले, अशी हकीकत त्यात नमूद आहे. भारतीय इतिहासात बनावट लेखाची चौकशी होऊन तो रद्द झाल्याचा हा एक जुना व निःसंदिग्ध दाखला होय. तथापि वामरथ्याचे शासन बनावट आहे हे कसे ठरविले, याविषयी ताम्रपट काहीच सांगत नाही. निकाल उपलब्ध आहे. निकालाची रीत मात्र नाही.

लेख खरा की खोटा हे ठरविण्याची रीत कालमानाने बदलत गेली आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर धर्मशास्त्रातील लेख्यविचार, मराठेशाहीतील गोतसभा व दप्तर, इनाम कमिशनची चौकशी आणि १८७२ चा पुराव्याचा कायदा असे तिचे चार टप्पे पडतात. या चारही टप्प्यांत कागदाची शुद्धी कशावर अवलंबून होती आणि त्या त्या रीतीत कोणाचे हक्क टिकले व कोणाचे बुडाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

याज्ञवल्क्यस्मृतीने लिखित, भुक्ती आणि साक्षी अशी तीन मानुष प्रमाणे सांगितली असून त्यांच्या अभावी दिव्याचा आश्रय करावा असे म्हटले आहे. या स्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या कारकीर्दीत कल्याण येथे रचली गेली आणि पुढे महाराष्ट्रातील व्यवहारनिर्णयात तिला मोठे प्रामाण्य लाभले. ऋणपत्रावर धनकोचे व ऋणकोचे नाव, मिती, पित्याचे नाव इत्यादी तपशील असावेत. ऋणकोने वरील मजकूर आपणास मान्य असल्याचे स्वहस्ते लिहावे. साक्षीदारांनी आपापल्या पित्याच्या नावासह सही करावी. आणि शेवटी लेखकाने आपले नाव घालावे, असा नियम तेथे आढळतो.

लेखाविषयी संशय उत्पन्न झाल्यास त्याची शुद्धी कशी करावी याची जी साधने स्मृतीने दिली आहेत, ती विशेष मननीय आहेत. पहिले साधन हस्ताक्षराच्या तुलनेचे : त्याच माणसाने लिहिलेला दुसरा निर्विवाद लेख समोर ठेवून अक्षर ताडून पाहावयाचे. दुसरे संभाव्यतेचे : त्या देशी, त्या काळी, त्या माणसाजवळ ती वस्तू असणे शक्य होते काय? तिसरे साक्षीदार उभे करण्याचे. चौथे चिन्हांचे : लेखारंभीचा श्रीकार किंवा त्या लेखकाची अन्य खास खूण. पाचवे, उभयतांमध्ये पूर्वी असा व्यवहार होत असे काय, हे पाहण्याचे. सहावे, ते द्रव्य कोणत्या मार्गाने प्राप्त झाले असणे संभवते, याचा विचार करण्याचे. या सहांपैकी हस्ताक्षर व चिन्ह ही दोनच साधने कागदावर दृष्टी ठेवतात. उरलेली चार कागदाबाहेर जाऊन माणसांचा, त्यांच्या संबंधांचा आणि परिस्थितीचा शोध घेतात. कागद स्वतःविषयी जे सांगतो ते त्याच्या सत्यतेस पुरेसे नाही, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते.

३

मराठेशाहीतील न्यायदानाचा विचार वतनाच्या वादांवाचून करता येत नाही. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, जोशीपण, मिराशीची जमीन अशा हक्कांवर एकेका घराण्याची प्रतिष्ठा व उपजीविका अवलंबून असे. हे वाद दोन-दोन, तीन-तीन पिढ्या चालत. वा. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये प्रसिद्ध केल्यापासून या वादांच्या कामकाजाचे स्वरूप अभ्यासकांस सुपरिचित झाले आहे. वादी-प्रतिवादींकडून जामीन घेणे, त्यांच्या तकरिरी व करीने लिहून घेणे, पुरसीस करणे, साक्षी व कागद तपासणे, मग निवाडपत्र करून देणे आणि हरलेल्या पक्षाकडून येजितखत घेणे असा हा क्रम होता. जिंकणाऱ्याने हरकी द्यावयाची व हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावयाची.

या क्रमात महजराचे स्थान मध्यवर्ती होते. महजर हा नुसता निकालपत्राचा प्रकार नव्हे. सभेत कोण हजर होते, काय विचारले गेले आणि गोताने काय सांगितले याची ती सर्वांच्या साक्षीने झालेली नोंद होती. देशमुख, देशपांडे, शेटे, महाजन, पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि बलुतेदार यांची नावे महजरावर येत. लिहिता येणारे सही करीत. न येणारे आपली निशाणी करीत. पाटलाच्या नावापुढे नांगर, शेट्याच्या नावापुढे तराजू आणि कारागिराच्या नावापुढे त्याच्या धंद्याचे हत्यार काढलेले दिसते. या निशाण्यांना अज्ञानाची खूण समजणे योग्य होणार नाही. निशाणी करणारा व्यक्ती म्हणून नव्हे, तर गावातील एका हक्काचा धनी म्हणून तेथे उभा असे. निशाणी खोटी करावयाची तर त्या धन्याला व त्याच्या भाऊबंदांना गप्प बसवावे लागले असते. शिवेच्या वादात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, याचेही कारण हेच. गावची शीव राखण्याचे काम ज्याचे, तिच्याविषयीची माहितीही त्याचीच.

महजराची खरी कसोटी मूळ कागद नाहीसे झाल्यावर लागे. १६३०–३१ चा भयंकर दुष्काळ आणि पुढील शतकभरातील स्वाऱ्या यांमुळे गावेच्या गावे ओस पडली, वतनदार परागंदा झाले व त्यांचे कागद जळाले किंवा लुटले गेले. धामधुमीत कागदपत्र गेले, हे विधान करीन्यांत वारंवार येते. असे विधान खरेही असे आणि सोयीचेही असे. त्याचा निर्णय गोताने करावयाचा. वडीलधारी माणसे बेलभंडार उचलून किंवा नदीत उभे राहून आपल्या बापआज्यांपासून ऐकलेले व स्वतः पाहिलेले सांगत आणि त्यावरून नवा महजर होई. जुन्या कागदाची जागा गावाची स्मृती घेई आणि ती स्मृती पुन्हा कागदावर येई.

गोतही जेथे एकमत होत नसे तेथे शेवटी दिव्य. रवादिव्यात कढत तेल-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. तत्पूर्वी हात धुऊन नखे काढीत आणि दिव्य झाल्यावर हातास पिशवी बांधून तिच्यावर मोहर करीत. तिसऱ्या दिवशी सभेसमक्ष मोहर पाहून पिशवी उघडीत. दिव्यावर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. परंतु त्यातील मोहरेची काळजी लक्षात घेण्याजोगी आहे. हाताला मध्यंतरी कोणी औषध लावले नाही व काही बदल केला नाही, याची ती हमी होती. पुरावा सभेपुढे येईपर्यंत तो अबाधित राहिला पाहिजे, हा विचार तेथे पूर्णपणे जागृत होता.

४

गोताच्या जोडीला सरकारी दप्तराचा आधार होता. पेशवेकालीन इनामपत्राच्या शेवटी सामान्यतः असा मजकूर असतो की, दरसाल नव्या पत्राची मागणी करू नये, या पत्राची प्रत लिहून घेऊन मूळ पत्र भोगवट्यास परत द्यावे. अभ्यासक हे वाक्य पुष्कळदा ठराविक म्हणून सोडून देतात. वस्तुतः पुराव्याच्या व्यवस्थेचे मर्म त्यातच आहे. अस्सल पत्र इनामदाराच्या घरी राहावयाचे, तालीक परगण्याच्या दप्तरात राहावयाची आणि सनद दिल्याची नोंद हुजुरातील रोजकीर्दीत व्हावयाची. एकच हकीकत तीन ठिकाणी, तीन निरनिराळ्या हातांनी लिहिली जाई. खोटा कागद करणाऱ्याला एक कागद करणे सोपे होते. तिन्ही ठिकाणी हात पोहोचविणे फार कठीण होते.

खुद्द पत्रावरही अशीच योजना असे. शिरोभागी शिक्का, अखेरीस लेखनसीमेचे मोर्तब, आणि कागद कचेरीतून पुढे जाताना झालेल्या रुजू, सुरू सूद, बार इत्यादी नोंदी. मोर्तबामुळे मजकुराच्या खाली नवी ओळ घालता येत नसे. शिक्के राजा व प्रधान बदलले की बदलत. म्हणून पत्रातील काळ आणि शिक्का यांचा मेळ बसला पाहिजे, ही कसोटी आपोआप उपलब्ध होई.

कालगणनेची कसोटी याहून सूक्ष्म आहे. मराठी पत्रांत सुहूर सन अरबी संख्याशब्दांनी लिहीत. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्री प्रवेश करी तेव्हा सुरू होई. त्यात ज्येष्ठाच्या सुमारापासून डिसेंबर अखेरपर्यंत ५९९ व पुढे ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. वर्ष सौर असले तरी मिती मात्र मुसलमानी चांद्र महिन्याची असे. तिच्या आरंभीचे ‘छ’ हे अक्षर चंद्रवाचक आहे. सौर वर्ष आणि चांद्र महिना यांचे नाते दरसाल सरकत असल्यामुळे, केवळ एखाद्या जुन्या पत्रावरून मिती उचलून वर्ष बदलणारा लेखक येथे हटकून चुकतो. उदाहरणार्थ, नारायणराव पेशव्यास वस्त्रे मिळाली ती १७७२ च्या डिसेंबरात व त्याचा खून झाला तो ३० ऑगस्ट १७७३ रोजी. म्हणजे त्याच्या कारकीर्दीतील पत्रे सलास सबैन मया व अलफ (११७३) या सालातील, किंवा अर्बा सबैन मया व अलफ (११७४) या सालाच्या पहिल्या तीन महिन्यांतील असली पाहिजेत. याबाहेरील सालाचे पत्र त्याच्या नावाने पुढे आले तर ते प्रथमदर्शनीच शंकास्पद ठरते. तसेच राज्याभिषेक शक १६७४ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वीची मिती असलेल्या पत्रात राजशक आढळला तर ते पत्र त्या काळचे नव्हे हे उघड आहे.

अक्षराविषयीही असेच म्हणता येईल. मोडीची वळणे यादवकालीन, बहमनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन अशी वेगळी काढता येतात. बोरूने लिहिलेल्या रेषेची जाडी-बारकाई आणि टाकाच्या रेषेची सरळ बारीक धार यांतील भेद सरावलेल्या डोळ्यास त्वरित जाणवतो. तथापि मोडीत इकार व उकार यांचा ऱ्हस्वदीर्घभेद पाळीत नसत आणि अक्षरे एकमेकांस जोडून लिहीत. त्यामुळे नावाच्या वाचनातच वाद उत्पन्न होतो. तेव्हा कागद अस्सल ठरला म्हणजे त्याचा अर्थही ठरला, असे समजता येत नाही.

५

१८१८ नंतर या व्यवस्थेचा एक पाय मोडला. पंचायतीचा उपयोग एल्फिन्स्टनने आरंभी चालू ठेवला. परंतु १८२७ च्या कायदेसंहितेनंतर दिवाणी न्यायालयांचे महत्त्व वाढत गेले आणि गोताची सभा हळूहळू मागे पडली. राहिले ते दप्तर. पेशव्यांचे दप्तर कंपनी सरकारच्या हाती आले होते आणि करमुक्त जमिनींची चौकशी सुरू होताच ते सत्यासत्यतेचे मुख्य माप बनले.

ही चौकशी १८४३ पासून दक्षिण मराठा मुलखात सुरू झाली व १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला इनाम कमिशनचे रूप मिळाले. इनामदाराने आपली सनद हजर करावयाची, कमिशनने ती दप्तराशी ताडून पाहावयाची, हे तत्त्व वरवर पाहता पेशवाईतील रीतीहून वेगळे वाटत नाही. बनावट सनदा त्या काळी पुष्कळ पुढे आल्या होत्या, हेही नाकारता येणार नाही. सत्तांतराच्या काळात तसे होणे स्वाभाविकच होते. परंतु दोन गोष्टींनी या चौकशीचे स्वरूप पालटले. दप्तर पूर्ण आहे असे गृहीत धरून नोंदीच्या अभावाचा अर्थ लावला जाऊ लागला. प्रत्यक्षात दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत दप्तराची शिस्त पूर्वीसारखी राहिली नव्हती, आणि १८०२ मध्ये होळकराच्या हाती पुणे पडले तेव्हा शहराची व घरोघरच्या कागदांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पूर्वी कागद नसला तरी गोत होते. आता कागद नसला म्हणजे काहीच नव्हते. शिवाय चौकशी करणारे सरकार आणि जमीन खालसा झाल्यास लाभ होणारे सरकार एकच होते.

ज्या घराण्यांचा भोगवटा खरा होता परंतु कागद गहाळ झाला होता, त्यांच्यावर या रीतीचा आघात झाला. १८५७ पूर्वीच्या दक्षिणेतील असंतोषाच्या कारणांत इनाम कमिशनची गणना होते ती यामुळेच. १८६३ च्या दुसऱ्या व सातव्या कायद्यांनी सरसकट निकालाची तडजोड निघाली. इनामदाराने हक्काची चौकशी टाळून ठराविक सारा, सामान्यतः आकारणीच्या चतुर्थांशाएवढा, कबूल करावा आणि जमीन निर्वेधपणे भोगावी, असे तिचे स्वरूप होते. सत्यशोधनाचा प्रश्न सुटला नाही. तो पैसे देऊन बाजूस ठेवण्यात आला, असेच या तडजोडीचे वर्णन करावे लागते. या सर्व चौकशीचा एक लाभ मात्र इतिहासाला झाला. निवाड्यांसाठी घेतलेल्या जबान्या, दाखल केलेल्या सनदांच्या नकला व लावलेली दप्तरे पुण्याच्या पुराभिलेखागारात शिल्लक राहिली. ज्या वादांनी घराणी बुडाली, त्याच वादांनी त्यांचा इतिहास राखून ठेवला.

६

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने तयार केलेला भारतीय पुराव्याचा कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून अमलात आला. सही किंवा हस्ताक्षर सिद्ध करावयाचे तर ते ज्याला ओळखीचे आहे त्याची साक्ष, तज्ज्ञाचे मत, आणि न्यायालयाने स्वतः केलेली तुलना असे मार्ग त्यात होते. १८९९ च्या दुरुस्तीने बोटांच्या ठशांचाही त्यात समावेश झाला. हस्ताक्षरतज्ज्ञाच्या मतावर किती भिस्त ठेवावी याविषयी सर्वोच्च न्यायालय सावध राहिले आहे. १९६४ च्या शशिकुमार बॅनर्जी प्रकरणात असे मत निर्णायक नसल्याचे सांगितले गेले; १९८० च्या मुरारीलाल प्रकरणात त्याला दुजोरा हवाच असा नियम नाही, परंतु सावधगिरी हवी, असे स्पष्ट करण्यात आले.

इतिहासाभ्यासकाच्या दृष्टीने या कायद्यातील महत्त्वाचे कलम ९० वे होते. योग्य ताब्यातून आलेल्या तीस वर्षांपूर्वीच्या दस्तऐवजावरील सही, हस्ताक्षर व साक्षांकन खरे आहे असे न्यायालयास गृहीत धरता येते. हा नियम इंग्रजी न्यायपरंपरेतून आला. तीस वर्षांत लिहिणारा व साक्षीदार मरून जातात. त्यांना आणता येत नाही. म्हणून काळ आणि ताबा यांनी त्यांची जागा घ्यावयाची, असे त्यामागील तर्कशास्त्र आहे. इंग्लंडात १९३८ मध्ये आणि उत्तर प्रदेशात १९५४ मध्ये ही मुदत वीस वर्षांवर आणली गेली.

या गृहीतकाच्या मर्यादा नीट ध्यानात ठेवल्या पाहिजेत. न्यायालय गृहीत धरू शकते. धरलेच पाहिजे असे नाही. गृहीत धरावयाचे ते सहीअक्षराविषयी. मजकूर सत्य आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि १९३५ मध्ये बसंतसिंग प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ठरविल्याप्रमाणे हे गृहीतक मूळ दस्तऐवजापुरते आहे, नकलेस लागू नाही. हा शेवटचा नियम मराठी कागदांच्या बाबतीत विशेष जाचक होतो. पेशवाईत परगण्याच्या दप्तरातील तालीक ही अस्सलावर नजर ठेवणारी स्वतंत्र साक्ष होती. नव्या कायद्याच्या दृष्टीने ती नुसती नक्कल. अस्सल पत्र बहुधा घरी असे आणि घरातील कागदच आधी नष्ट होत. दप्तरातील तालीक टिके. म्हणजे जे टिकले ते प्रमाणाच्या दृष्टीने दुबळे ठरले.

२००० मध्ये संगणकीय नोंदींसाठी त्याच कायद्यात ६५-ब हे कलम आले आणि हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरील वादात निवडणूक कचेरीतील चित्रफितींचा पुरावा पुढे आला होता. १४ जुलै २०२० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मूळ साधन हजर नसेल तर प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. मात्र ते मिळविण्याचा सर्व प्रयत्न करूनही अधिकारी ते देत नसतील, तर त्याची झळ पक्षकारास लागू नये असेही मानले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात जुन्या दस्तऐवजांचे गृहीतक ९२ व्या कलमात राहिले आहे आणि संगणकीय नोंदीच्या प्रमाणपत्रात तिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठराविक अंक, नमूद करावा लागतो. मजकुरात एक अक्षर बदलले तरी हा अंक बदलतो. लेखनसीमेच्या मोर्तबाचे काम आता तो करतो. परंतु मोर्तबाप्रमाणेच तो एवढेच सांगतो की, नोंद बंद झाल्यानंतर तीत फेरफार झालेला नाही. बंद होण्यापूर्वी लिहिलेले खरे होते काय, याचे उत्तर त्यात नाही.

७

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कागदाच्या शुद्धीची प्रत्येक रीत कशावर तरी विश्वास ठेवूनच चालते. गोतसभेने माणसांच्या स्मृतीवर विश्वास ठेवला. तीत गावातील प्रबळ पक्षाच्या दडपणास वाव होता. इनाम कमिशनने दप्तरावर विश्वास ठेवला. तीत दप्तरातील उणिवांची किंमत रयतेने दिली. १८७२ च्या कायद्याने काळ व ताबा यांवर विश्वास ठेवला; तीत तालिकांसारखे स्वतंत्र साधन गौण ठरले.

न्यायाधीशास विशिष्ट दिवशी निर्णय द्यावाच लागतो. इतिहासकारावर तसे बंधन नाही. निर्णय स्थगित ठेवण्याची मोकळीक त्याला आहे आणि तिचा उपयोग त्याने न करणे हा दोष होय. एखाद्या घराण्याच्या संग्रहातील सनद न्यायालयाने मान्य केली एवढ्यावरून ती ऐतिहासिक दृष्ट्या अस्सल ठरत नाही, किंवा अमान्य केली म्हणून ती बनावटही ठरत नाही. यास्तव मराठी साधने प्रसिद्ध करताना केवळ मजकुराचे वाचन देऊन भागणार नाही. कागद कोणाच्या ताब्यातून आला, तो अस्सल आहे की तालीक, शिक्का-मोर्तब व पाठीवरील नोंदी कोणत्या, मितीचा मेळ बसतो की नाही आणि रोजकीर्दीत त्याची नोंद आढळते काय, या पाच गोष्टी प्रत्येक पत्राखाली नमूद झाल्या पाहिजेत. मधुबनच्या ताम्रपटाने निकाल दिला, पण निकालाची कारणे दिली नाहीत. चौदाशे वर्षांनंतर वामरथ्यावर अन्याय झाला की त्याला योग्य शासन झाले, हे त्यामुळेच आज सांगता येत नाही.